‘इतर’च्या खान्यातली फुप्फुसं

फुप्फुसांची ताकद मोजायचं मशीन, म्हणजे स्पायरोमीटर, मी सोलापूरच्या नवी पेठेत चालवते. खाली साड्यांची दुकानं, वर डॉक्टरांचा दवाखाना. पेशंटनं नळीत फुंकण्याआधी मशीनला चार गोष्टी सांगाव्या लागतात : वय, उंची, स्त्री की पुरुष, आणि वंश. पहिल्या तिन्हींची उत्तरं पेशंटकडं असतात. चौथं मलाच ठरवावं लागतं. जगभर वापरल्या जाणाऱ्या २०१२च्या सूत्रांमध्ये गोरे, आफ्रिकन-अमेरिकन, ईशान्य आशियाई, आग्नेय आशियाई असे गट आहेत. भारतीयांचा नाही. आपण सगळे ‘इतर’.

साखर पेठेतून एक अक्का आल्या होत्या. पन्नाशीच्या, लहानपणापासून विड्या वळणाऱ्या. “जोरात, अक्का, अजून, अजून, सोडू नका,” असं मी ओरडत होते आणि त्या डोळे मिटून फुंकत होत्या. नळी काढल्यावर दम खात म्हणाल्या, “एवढंच येतंय गं, छाती भरतच नाही.” समजा, आकडा आला १.९ लिटर. त्या उंचीच्या आणि वयाच्या बाईकडून अपेक्षा २.५ लिटरची असेल तर हे झाले ७६ टक्के. ऐंशीच्या खाली, म्हणजे काहीतरी बिनसलंय. पण पेशंट भारतीय असला की गोऱ्यांच्या आकड्यातून दहा टक्के वजा करायची रीत आपल्याकडं बरीच चालली. तशी वजाबाकी केली की अपेक्षा २.२५ वर येते आणि त्याच १.९ लिटरचे ८४ टक्के होतात. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं. अक्कांचा दम तेवढाच राहतो.

ही वजाबाकी आली कुठून? लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४०च्या दशकात हे यंत्र बनवलं. पुढच्याच दशकात अमेरिकेच्या दक्षिणेतला डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट त्याचे आकडे दाखवून सांगू लागला की काळ्या गुलामांची फुप्फुसं जात्याच कमी ताकदीची असतात आणि राबवून घेणं त्यांच्याच भल्याचं आहे. मळ्यावरचं खाणं, राहणं, राबणं त्यानं हिशेबात धरलंच नाही. १९९९ साली बाल्टिमोरमध्ये ॲस्बेस्टॉसनं फुप्फुसं बिघडल्याच्या भरपाईच्या दाव्यांत एका कंपनीनं मागणी केली, की काळ्या कामगारांना गोऱ्यांपेक्षा कडक निकष लावा. आधार तोच. अखेर २०२३ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं वंश न विचारणारी सूत्रं वापरायला सांगितलं. जुन्या मशीनमधून मात्र तो खाना अजून गेलेला नाही.

भारतातही उत्तरेसाठी वेगळी, दक्षिणेसाठी वेगळी सूत्रं झाली आहेत. पण अक्कांचे पणजोबा तेलंगणातून आले, अक्का जन्मल्या सोलापुरात, घरात तेलुगू, बाजारात मराठी. त्यांना कुठं बसवायचं?

जातीच्या नोंदीतही हाच घोळ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जातीचं नाव विचारतात, पण आकडे बाहेर येतात ते बहुतेक चारच गटांत : अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि बाकीचे. ‘इतर मागासवर्ग’ म्हटलं की मागावर बारा तास उभा राहणारा विणकरही त्यात आणि बागायतदारही त्यातच. कैकाडी समाज सोलापुरात विमुक्त जातींत मोडतो, तर विदर्भात बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातींत. जिल्हा बदलला की माणसाचा खाना बदलतो, शरीर तेच.

म्हणून जात नोंदवूच नका, असं मी अजिबात म्हणणार नाही. कोणत्या वस्तीत दवाखाना नाही, कुणाचं बाळ कमी वजनाचं जन्मतं, कुणाला उंबऱ्याबाहेर थांबवतात, हे जात विचारल्याशिवाय दिसायचंच नाही. देशभरातल्या सगळ्या जातींचे जनगणनेचे आकडे १९३१ नंतर बाहेर आलेच नाहीत; आता येत्या जनगणनेत ही मोजणी व्हायची आहे, आणि ती हवीच. जातीवरून लोकांशी कसं वागलं जातं ते मोजा. तिच्यावरून फुप्फुसाचं माप ठरवू नका.

आणि जे विचारायला हवं, त्याला मशीनमध्ये जागाच नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेला तेंदूपत्ता कातरून मापाचा करायचा, वळायचा, दोरा बांधायचा. तंबाखूची धूळ त्याच खोलीत, जिथं चूल आणि पाळणा. मागावर कापसाचे तंतू. मी आता शेऱ्याच्या ओळीत लिहिते : काम कोणतं, किती वर्षं, खोलीला खिडकी आहे का, चूल कशाची.

अशा तपासणीला गेलात तर टक्क्यांवर थांबू नका. लिटरचा आकडा बघा, कोणत्या गटात घातलं ते विचारा, कागद जपून ठेवा आणि पुढच्या वेळी बरोबर आणा. अक्कांचा यंदाचा आकडा त्यांच्याच गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवला की घट किती झाली ते सरळ कळतं; तिथं वंशाचा खाना लागत नाही.