जड वाहनांचा ट्रॉली जॅक : निवड आणि वापर

आपल्या नगर जिल्ह्यात ‘ट्रॉली’ म्हटले की ट्रॅक्टरमागे चालणारी उसाची ट्रॉली डोळ्यांपुढे येते. म्हणून प्रथमच सांगून टाकतो की, आज ज्याविषयी बोलावयाचे तो ट्रॉली जॅक म्हणजे उसाची ट्रॉली उचलण्याचा जॅक नव्हे. स्वतःच्याच लहान लोखंडी चाकांवर ढकलत न्यावयाचा, लांबट सांगाड्याचा, पुढे उचलणारा हात आणि मागे लांब दांडा असलेला जो जॅक मोठ्या गॅरेजात दिसतो, तो हा. हाताच्या टोकाशी एक वाटी असते. ती एक्सलखाली द्यावयाची, दांडा मारावयाचा, की दहा टनांची गाडी एक माणूस उचलतो.

हा विषय व्याख्यानमालेत कशासाठी, असे कोणी विचारील. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान. तेव्हापासून हे शहर चाकांवर उभे आहे. सावेडीच्या अंगावरून मनमाड रस्ता जातो, साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांची रीघ लागते, लष्कराची वाहने आहेत आणि या सर्वांच्या पोटाखाली उताणा पडून काम करणारा एक कामगार आहे. तो आपल्यापैकी कोणाचा तरी मुलगा असतो. त्याच्या छातीवर जे टांगलेले असते ते कशाच्या आधाराने टांगलेले असते, एवढे तरी शहराला ठाऊक असावे.

जॅकच्या पोटात काय असते ते पाहू. सतराव्या शतकात पास्काल नावाच्या फ्रेंच पंडिताने दाखवून दिले की, बंद भांड्यातील द्रवावर एके ठिकाणी दाब दिला तर तो सर्वत्र सारखाच पोहोचतो. इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये त्याच तत्त्वावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. हिशेब सोपा आहे. लहान दट्ट्या एक चौरस सेंटिमीटरचा आणि मोठा तीस चौरस सेंटिमीटरचा धरा. दांड्याच्या टोकावर तीस किलोचा जोर दिला आणि दांड्याच्या लांबीमुळे तो दसपट झाला, तर लहान दट्ट्यावर तीनशे किलो पडतात. आणि तेलाच्या मार्गाने मोठ्या दट्ट्याखाली नऊ हजार किलो, म्हणजे नऊ टन उभे राहतात. फुकट मात्र काहीच मिळत नाही. मोठा दट्ट्या एक मिलिमीटर वर जावयाचा तर दांड्याचे टोक तीनशे मिलिमीटर हलवावे लागते. म्हणून माणूस घामाघूम होतो आणि गाडी मुंगीच्या चालीने वर जाते. उभ्या बाटलीसारख्या जॅकमध्ये मोठा दट्ट्या सरळ वर येतो. ट्रॉली जॅकमध्ये तो आडवा असतो आणि उचलणाऱ्या हाताला ढकलतो, एवढाच फरक.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा नऊ टन भार शेवटी कशावर उभा असतो? लोखंडावर नाही. तो कोंडलेल्या तेलावर असतो, आणि ते तेल कोंडून धरते दट्ट्याभोवतीची रबराची एक कडी आणि एक लहानशी झडप. कडी झिजली, झडपेखाली कचऱ्याचा एक कण अडकला, तर लोखंड कितीही जाड असो, गाडी खाली येते. कधी हळूहळू, कधी क्षणात. म्हणून जॅक हे उचलण्याचे यंत्र आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. धरून ठेवण्यासाठी वेगळी वस्तू असते, ती म्हणजे लोखंडी स्टँड. त्यात तेल नाही, रबर नाही. जाड खीळ घातली की झाले.

काही वर्षांपूर्वी एका खाजगी वाहतूकदाराकडील हेल्पर गाडीखाली सापडला. वय एकोणीस. संघटनेच्या वतीने मी तेथे गेलो तेव्हा मालक मला जॅक दाखवून पुन्हा पुन्हा सांगत होते की, जॅक नवा आहे, चांगल्या प्रतीचा आहे. त्यांचे म्हणणे खरे होते. जॅक उत्तमच होता. साऱ्या गॅरेजात स्टँड मात्र एकही नव्हता. शोधल्यावर कोपऱ्यात विटांचा ढीग सापडला. कायद्याप्रमाणे भरपाई वय आणि वेतन यांच्या कोष्टकावरून काढतात, आणि त्या कोष्टकात स्टँडच्या किमतीचा रकाना नसतो. तेव्हापासून जेथे जेथे बोलणी करावयाची वेळ येते तेथे मी एकच गोष्ट धरून बसतो : ज्या बिलावर जॅक येईल त्याच बिलावर स्टँडची जोडी आली पाहिजे.

विटांविषयी दोन शब्द. वीट भार सोसते, परंतु फुटते तेव्हा सूचना देत नाही. आपला काळा दगड फुटत नाही; तो निसटतो. लाकडी ओंडका वाईट नाही, पण तो रुंद, चौरस आणि न चिरलेला हवा. असा ओंडका गॅरेजात क्वचितच शिल्लक राहतो.

जॅक निवडताना दुकानदार पहिल्याने टनांचा आकडा सांगतो. तो आकडा गाडीच्या एकूण वजनाशी ताडावयाचा नसतो, एक्सलवरील भाराशी ताडावयाचा असतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मर्यादा वाढविल्या, त्याप्रमाणे दोन एक्सलच्या मालमोटारीच्या पुढच्या एक्सलवर सात टन आणि मागच्या चार टायरांच्या एक्सलवर साडेअकरा टन भार चालतो. मागच्या एक्सलची एकच बाजू उचलली तर जॅकवर सुमारे निम्मा भार येतो, मधोमध उचलला तर सगळा. म्हणजे भरलेल्या गाडीचा मागचा एक्सल मधोमध उचलण्यास दहा टनी जॅक अपुरा आहे. आणि उसाच्या गाडीवर कायद्याइतकाच ऊस असतो असे ज्याला वाटते त्याने हंगामात एकदा कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहावे! मोटारगाडीचा तीन टनी जॅक ‘गाडी रिकामीच आहे’ म्हणून ट्रकखाली सरकविणे हा प्रकारही सर्रास चालतो.

टनांइतकाच महत्त्वाचा, पण कोणी न विचारणारा आकडा म्हणजे जॅकची सर्वांत कमी उंची. टायर बसला की एक्सल खाली येतो. मग उंच जॅक खाली शिरतच नाही आणि लोक खड्डा खणू लागतात. तेव्हा बसलेल्या टायरवरची उंची मोजून घ्या, आणि मगच बाजारात जा. वाटी रुंद आणि खाचेची असावी. क्षमतेबाहेरचा भार आला तर तेल आपोआप परत वळविणारी झडप असावी. खाली सोडण्याची झडप थोडी फिरविली तर गाडी थोडीच उतरली पाहिजे. जो जॅक एकदम ‘धप्’ करतो तो घेऊ नये. भंगारातला जॅक घ्यावयाचाच असेल तर त्यावर भार उचला, एक्सलच्या उंचीची खडूने खूण करा, आणि कोणालाही जवळ न जाऊ देता दहा मिनिटे थांबा. खूण खाली सरकली तर तसेच घरी या. तेल जॅकचेच घालावे. ब्रेकचे तेल घातल्याने कडीचे रबर फुगते, आणि दोष जॅकला मिळतो.

वापरताना जमिनीपासून सुरुवात करावी. उचलणारा हात कंसात फिरतो, त्यामुळे वर जाता जाता वाटी आडवीही सरकते. हा फरक भरून निघावा म्हणूनच जॅकला चाके दिली आहेत. ती मोकळी फिरली पाहिजेत. सिमेंटच्या जमिनीवर ती फिरतात. काळ्या मातीत ती रुततात, मग जॅक जागीच राहतो आणि वाटी एक्सलखालून निसटू पाहते. वैशाखातल्या दुपारी डांबरही मऊ होते, तेथेही हीच गत. म्हणून रस्त्याच्या कडेला ट्रॉली जॅक नेऊच नये. तेथे बाटलीचा जॅक, आणि त्याच्या बुडाखाली जाड फळी.

गाडी उचलण्याआधी उतारू आणि माल उतरवावा, आणि चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. हँडब्रेकवर विसंबू नये. जड गाडीचा हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांना धरतो. तीच चाके हवेत गेली की त्याचा उपयोग संपला. म्हणून मागची बाजू उचलावयाची तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी द्याव्यात. एक्सलवरचा चिखल व ग्रीस पुसून वाटी मधोमध बसवावी. चार बोटे उचलून थांबावे, चारी बाजूंनी फिरून पाहावे, मग पुढे जावे. स्टँड एक्सलखाली दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे लावावेत आणि गाडी त्यांच्यावर उतरवावी. नुसते शेजारी उभे करून ठेवू नयेत. मग हाताने गाडीला धक्का द्यावा. ती हलली तर आताच हलू द्या, कारण खाली अजून कोणी गेलेले नाही.

हवेच्या फुग्यांवर चालणाऱ्या नव्या बसगाड्यांची गोष्ट आणखी निराळी. तेथे एक्सल टेकवूनही भागत नाही, कारण हवा गेली की वरचा सांगाडाच खाली बसतो. अशा गाडीत चेसिसलाही स्टँड हवा.

काम संपल्यावर घाई होते, आणि घाईतच हात सापडतात. गाडी प्रथम जॅकवर घ्यावी, स्टँड काढावेत, खाली कोणी नाही हे वाकून पाहावे, तसे मोठ्याने विचारावे, आणि मग झडप अगदी थोडी फिरवावी. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. पन्नासएक किलोमीटर गाडी गेल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत.