शुक्रवारचा स्लॅब

सकाळी ६. फाल्गुनात धर्माबादचं ऊन दहाच्या आतच चटके द्यायला लागतं, म्हणून साइट लवकर उघडतो. एका मास्तरांच्या घराचा पहिला स्लॅब शुक्रवारी टाकायचा आहे. आज मंगळवार. मोटर लावून कॉलमच्या गोणपाटावर पाणी मारलं. कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट निदान दहा दिवस ओलं ठेवा, असं आयएस ४५६ सांगतं. इथले जुने गवंडीही तेच सांगतात, फक्त कलम न दाखवता.

७. मिस्त्री, फिटर आणि मी जिन्यापाशी जमतो. सेंटरिंगच्या एका जुन्या प्लायवर खडूने तक्ता आखलाय: काम, कोण करणार, कधी, झालं का, नाही तर का नाही. ही युक्ती माझी नव्हे. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या अमेरिकनांची, नाव ‘लास्ट प्लॅनर’. नव्वदच्या दशकात त्यांनी साइटवर जाऊन मोजलं, तेव्हा आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी निम्मीच ठरल्या वेळी होत होती. त्यांचं म्हणणं असं, की वेळापत्रक ऑफिसात कुणीही करो, उद्या कोणता माणूस कोणत्या कामाला लावायचा हे जो ठरवतो, त्यालाच विचारा. आमच्याकडे तो म्हणजे मिस्त्री.

“मिस्त्री, उद्या संध्याकाळपर्यंत बीमचं लोखंड बांधून होईल का?”

“होतंय की साहेब.”

हे ‘होतंय की’ फार गोड असतं, आणि त्यावर विसंबून मराठवाड्यात कितीतरी स्लॅब लांबलेत. मी फिटरकडे वळलो. तो बासरकडचा, तेलुगू मिसळून बोलतो. रिंगा किती वळून झाल्या?

“मोठ्या बीमच्या झाल्या सार. बारक्याच्या राहिल्या. आठ एमएम संपलं.”

“मग होत नाही म्हणा ना!”

मिस्त्री हसला. “तुम्हाला नाही कसं म्हणावं?”

घोडं पेंड खातं ते इथंच.

९. घटकाभर काही न करता नुसता हौदाच्या बांधकामापाशी उभा राहिलो. टोयोटाचे ताइची ओनो नव्या माणसाला खडूच्या वर्तुळात उभं करून नुसतं बघायला लावत, असं सांगतात. वर्तुळ नसलं तरी दिसतं. गवंड्याने ओळंबा लावला, चार विटा बसवल्या आणि थापी हातात धरून थांबला. घमेल्यात माल नाही. माल कालवणारी बाई विटा हलवत होती, कारण ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली नेमकी हौदाच्या जागेवर रिकामी केलेली. तो ढीग आधी जिन्याजवळ गेला, आता तिथे सेंटरिंगच्या टेकूंना अडचण होते म्हणून कंपाउंडकडे चाललाय. एकेक वीट तीनदा उचलली जाते आणि भिंतीत एकदाच बसते. दुसरी बिगारी बाई आज मिरचीचे देठ काढायला गोदामात गेलीय. या दिवसांत इथे बायकांना सावलीतलं काम मिळतं, तिला बोल कसा लावणार? एकूण काय, कामचुकार कुणीच नाही, तरी गवंड्याचा हात थांबलेला.

फिनलंडच्या लाउरी कोस्केला यांनी १९९२ साली स्टॅनफर्डमध्ये अहवाल लिहिला, त्यात हेच मांडलं: बांधकामात आपण कामं मोजतो, पण दोन कामांमधली वाट बघणं, वाहणं, पुन्हा करणं कुठल्याच एस्टिमेटमध्ये येत नाही. कारखान्यात गाडी कामगारापुढून सरकते. इथे घर जागेवर राहतं आणि गवंडी, फिटर, वायरमन त्यातून पुढे सरकतात. एक अडला की मागचे सगळे तुंबतात.

११. वाळूचा हायवा आला. मांजरेची लाल वाळू, दोन महिने पुरेल इतकी घेऊन ठेवतोय. ‘लागेल तेव्हा, लागेल तेवढंच’ हा टोयोटाचा मंत्र मला इथे पटत नाही. घाटांचे लिलाव लांबतात, पावसाळ्यात उपसा बंद, भाव रातोरात चढतो. वाळू अंगणात पडून सडत नाही. सिमेंटचं मात्र उलट, ते आदल्या दिवशीच आणायचं.

१ ते ३. सुट्टी. भाकरी, ठेचा आणि प्लायखालची सावली.

३.३०. वायरमनला फोन. खालची जाळी बांधून झाली की पाइप आणि पंख्याचे डबे त्याने टाकायचे, मग वरची सळई. तो म्हणाला, “कुंडलवाडीचं काम आहे, शुक्रवारी पहाटे येतो.” म्हणजे मिक्सर दारात आणि पाइप हवेत.

५.३०. तक्त्यापाशी पुन्हा. आज ठरलेल्या आठांपैकी पाच झाली. ‘का नाही’च्या रकान्यात: आठ एमएम नाही, माल वेळेवर नाही, वायरमन. कुणाच्या नावाने बोंब मारायची नाही, नुसतं कारण लिहायचं. २०१८ साली बॅलार्ड, कोस्केला या मंडळींची जागतिक परिषद चेन्नईला भरली होती. त्यांच्या निबंधांत टॉवर आणि मेट्रो भरपूर, चार माणसांची साइट शोधावी लागते. पण हा रकाना मात्र दोन्हीकडे सारखाच चालतो.

मिस्त्री बराच वेळ तक्ता बघत राहिला. मग म्हणाला, “शुक्रवारी होत नाही साहेब. शनिवारी घ्या.”

हे मंगळवारी कळलं म्हणून बरं. शुक्रवारी कळलं असतं तर स्लॅबची टोळी येऊन बसली असती आणि हजेरी लागू झाली असती. मिक्सरवाल्याला तिथूनच फोन लावला. शनिवार मोकळा होता.

मग मास्तरांना कळवलं. ते म्हणाले, “शनिवारी स्लॅब? आमच्यात नाही चालत.”

टोळीचा रविवार दुपारपासून उमरीला लागलेला. शेवटी रविवारी पहाटे पाचला सुरू करून अकराच्या आत आटपायचं ठरलं. त्यासाठी शनिवारी रात्री दिवे लागतील, म्हणून वायरमनला पुन्हा फोन केला. तक्त्यावर ‘का नाही’च्या रकान्यात मिस्त्रीने स्वतः लिहिलं: वार.