क्रीडांगणावरचे गुरुजी

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने टोलावयाचा वाटोळा चेंडू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत त्याच नावाने ओळखला जाणारा खेळ मात्र अगदी निराळा आहे. तेथील चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. अकरा गड्यांचा संघ तो हातात घेऊन प्रतिपक्षाच्या गोलरेषेकडे धावतो आणि प्रतिपक्षाचे गडी चेंडू नेणाऱ्याला धरून जमिनीवर पाडतात. कबड्डीतील पकड ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या झटापटीची थोडीफार कल्पना करता येईल. हा खेळ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाविद्यालयांच्या मैदानांवर वाढला. त्याला वळण लावणाऱ्या पहिल्या पिढीतील प्रशिक्षकांमध्ये अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग यांचे नाव अग्रभागी आहे.

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज या गावी झाला. वडील चांभारकाम करीत. कुटुंब मोठे, मिळकत बेताची. मुलाने मात्र धर्मोपदेशक व्हावयाचे ठरविले होते आणि त्यासाठी तो येल या विख्यात विद्यापीठात दाखल झाला. तेथे शेगडीवाचून राहण्याची एक माळ्यावरची खोली त्याने घेतली. पैसे वाचविण्यासाठी जेवणाऐवजी बिस्किटांवर दिवस काढले. शेवटी अंगात त्राण उरले नाही आणि अंथरूण धरावे लागले, तेव्हा कोठे पोटभर खाण्याचे शहाणपण आले. उपाशी पोटी ना विद्या होते, ना व्यायाम!

येलमध्ये स्टॅग बेसबॉलच्या खेळात चेंडू फेकणारे म्हणून नावारूपाला आले. धंदेवाईक संघांनी त्यांना पैसे देऊ केले, पण त्यांनी ते नाकारले. १८८९ मध्ये साऱ्या अमेरिकेतील निवडक फुटबॉलपटूंची पहिली यादी तयार झाली. तीतही त्यांचे नाव होते. अडचण होती ती दुसरीकडेच. धर्मोपदेशकाला चार लोकांपुढे उभे राहून बोलता आले पाहिजे आणि स्टॅग यांना तेच जमत नव्हते. पुष्कळ विचारांती त्यांनी ठरविले, की व्यासपीठावरून जे सांगता येत नाही ते मैदानावर शिकवावे. १८९० मध्ये ते स्प्रिंगफील्ड येथील शारीरिक शिक्षणाच्या संस्थेत गेले. पुढच्याच वर्षी तेथील शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल हा नवा खेळ शोधून काढला. मार्च १८९२ मध्ये त्याचा पहिला जाहीर सामना झाला. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना पाच विरुद्ध एक असे हरविले. शिक्षकांचा तो एकुलता एक गुण स्टॅग यांनी मिळविला होता.

त्याच सुमारास शिकागो येथे नवे विद्यापीठ उभे राहत होते. त्याचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येलमध्ये स्टॅग यांचे अध्यापक होते. त्यांनी स्टॅग यांना बोलावून नोकरी देऊ केली. स्टॅग विचारात पडून गप्प बसले. पगार कमी वाटला असावा, असे समजून हार्परांनी तो वाढविला. स्टॅग पुन्हा गप्प! तेव्हा पगार आणखी वाढला आणि जोडीला प्राध्यापकपदही आले. ज्याला बोलता येत नाही म्हणून धर्मोपदेशकाचे काम सोडावे लागले, त्याचे मौनच असे फळाला आले. खेळाच्या शिक्षकाला प्राध्यापकाचा मान मिळणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

१८९२ च्या शरदात विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले, त्याच सुमारास मैदानावर सरावही सुरू झाला. खेळाडू मोजकेच होते, म्हणून पहिल्या हंगामात प्रशिक्षक स्वतःच संघात उतरले. गडी पाडण्याच्या सरावासाठी माणसाऐवजी टांगलेली गादी वापरणे, डाव ठरविण्यासाठी खेळाडूंनी मैदानातच घोळका करणे, अशा कितीतरी युक्त्या स्टॅग यांच्या नावावर सांगितल्या जातात. त्यांच्या पत्नी स्टेला यादेखील सामन्यांची टिपणे ठेवून डावांच्या आखणीत मदत करीत.

हा खेळ त्या वेळी फार धोक्याचा होता. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकले की चेंडू आपल्याकडेच राहत असे. त्यामुळे सारा संघ एकमेकांना बिलगून, ढकलाढकली करीत प्रतिपक्षावर आदळे. कित्येकांना गंभीर दुखापती होत, काही मुले तर प्राणाला मुकली. खेळावर बंदी घालावी, असे लोक उघड बोलू लागले. १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारण्यास बजावले. पुढच्या वर्षी नियम बदलले. पाचाऐवजी दहा यार्डांची अट आली. चेंडू हाताने पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. गर्दीने रेटण्यापेक्षा मोकळ्या जागेत धावणे आता फायद्याचे ठरू लागले. नियम ठरविणाऱ्या समितीत स्टॅग होते.

१९०५ च्याच नोव्हेंबरात शिकागो आणि मिशिगन यांचा सामना झाला. मिशिगनचा संघ त्यापूर्वीचे सलग ५६ सामने हरला नव्हता. बराच वेळ कोणालाच गुण मिळेना. मग मिशिगनचा एक गडी चेंडूसह स्वतःच्याच गोलरेषेच्या मागे पाडला गेला. असे झाल्यास प्रतिपक्षाला दोन गुण मिळतात. तेवढ्या दोन गुणांवर शिकागोने सामना जिंकला.

स्टॅग यांची खरी ओळख मात्र एका हरलेल्या सामन्यातून होते. १९२२ मध्ये प्रिन्स्टनविरुद्ध शिकागोचा संघ १८ विरुद्ध २१ असा मागे होता. शेवटच्या क्षणी त्याचे गडी गोलरेषेच्या अगदी जवळ येऊन ठेपले होते. बदली खेळाडूच्या तोंडी योग्य डाव सांगून पाठविणे प्रशिक्षकाला अशक्य नव्हते. परंतु असे निरोप पाठविणे नियम-समितीला पसंत नव्हते. स्टॅग यांनी निरोप पाठविला नाही. प्रिन्स्टनने तो अखेरचा हल्ला रोखला आणि सामना जिंकला. पुढे कारण विचारले असता, नियम-समितीला ते मान्य नाही, एवढेच त्यांचे उत्तर होते.

तथापि चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शिकागोचे सामने पाहण्यास हजारो लोक तिकिटे काढून येऊ लागले आणि खेळाच्या खात्याकडे भरपूर पैसा जमू लागला. या खात्याचा कारभार स्टॅग बहुतांशी स्वतःच्या मताने चालवीत. ज्यांनी पैशासाठी खेळणे नाकारले, त्यांच्याच हाताखाली महाविद्यालयीन खेळाला करमणुकीच्या धंद्याचे रूप येऊ लागले, ही विसंगती नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिली आहे. विद्यापीठ खेळासाठी की विद्येसाठी, हा प्रश्न शिकागोत वारंवार निघू लागला.

वयाची सत्तर वर्षे पुरी होताच विद्यापीठाच्या नियमानुसार स्टॅग यांना पद सोडणे भाग पडले. देऊ केलेले सल्लागाराचे काम त्यांनी स्वीकारले नाही. मैदानावाचून राहण्याची त्यांची तयारी नव्हती. १९३३ मध्ये ते दूर कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे, कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहानशा संस्थेत प्रशिक्षक म्हणून गेले. १९३८ मध्ये हा संघ घेऊन ते शिकागोला आले. मैदानाला स्टॅग यांचेच नाव होते. त्या मैदानावर त्यांच्या नव्या मुलांनी त्यांच्या जुन्या विद्यापीठाला ३२ विरुद्ध शून्य असे हरविले. पुढच्या वर्षी मिशिगनने शिकागोवर ८५ गुण चढविले. तेव्हा अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या पुढाकाराने विद्यापीठाने हा खेळच बंद केला. प्रेक्षकांच्या पायऱ्या ओस पडल्या. त्यांच्याखालील एका बंदिस्त जागेत २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुकेंद्रांच्या विखंडनाची नियंत्रित साखळी प्रथमच चालवून दाखविली. खेळासाठी बांधलेली वास्तू अशी विज्ञानाच्या इतिहासात गेली.

स्टॅग यांचे काम इकडे चालूच होते. १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, त्यांना वर्षातील उत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून गौरविण्यात आले. १९४६ अखेर त्यांनी मुख्य प्रशिक्षकपद सोडले, तेव्हा त्या कामात त्यांची ५७ वर्षे गेली होती. मग पेन्सिल्व्हेनियातील सस्क्वेहाना विद्यापीठात ते मुलाच्या जोडीने शिकवू लागले. नव्वदी उलटल्यावरही स्टॉकटनच्या महाविद्यालयात मुलांना चेंडू लाथाडण्याचे तंत्र ते दाखवीत असत. १७ मार्च १९६५ रोजी, १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या ३१४ विजयांचा उच्चांक १९८१ पर्यंत अबाधित राहिला.

शिकागो विद्यापीठाने १९६९ मध्ये हा खेळ पुन्हा सुरू केला, तो मात्र लहान प्रमाणावर. जुन्या मैदानाच्या जागी आता मोठे ग्रंथालय आहे. खेळातील नैपुण्यासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या महाविद्यालयांची अमेरिकेत एक वेगळी श्रेणी असून शिकागोचा संघ आता तीत खेळतो. त्या श्रेणीतील अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याला १९७३ पासून स्टॅग यांचे नाव आहे.