एका वर्षाचा अर्थ

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलपटूंच्या छापील करारनाम्यात दहाव्या कलमाचे 'अ' हे एक उपकलम असे. नव्या हंगामाच्या वेतनाविषयी खेळाडू आणि मालक यांचे एकमत न झाल्यास मालकाने ठरविलेल्या वेतनावर तोच करार आणखी एक वर्ष पुढे चालविण्याचा अधिकार मालकास राहील, एवढाच त्याचा मतलब. परंतु पुढे चालविलेल्या करारातही तेच कलम असणार, म्हणून त्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा एक वर्ष, आणि त्याच्याही अखेरीस आणखी एक, असा त्याचा अर्थ मालक लावीत आले. आणि ज्याचे कौशल्य पाहण्यासाठी हजारो माणसे तिकीट काढून येत, तो मनुष्य कोवळ्या वयात ज्या संघाच्या दप्तरी नोंदला गेला त्या संघाशी, संघाने विकेपर्यंत वा काढून टाकीपर्यंत, बांधलेला राहिला.

ह्या प्रथेचा उगम 1879 सालचा. प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत व त्यांस दुसऱ्या कोणी कामावर घेऊ नये, असे नॅशनल लीगच्या मालकांनी बफेलो येथे गुप्तपणे ठरविले; पुढे पाचाचे अधिक होत होत सारा संघच राखीव झाला. जॉन माँटगोमेरी वॉर्ड ह्या कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकलेल्या खेळाडूने 1887 साली एका मासिकात लेख लिहून, बेसबॉलपटू ही काय कोणाची चीजवस्तू आहे, असा प्रश्न जाहीरपणे विचारला. त्याने व त्याच्या सोबत्यांनी 1890 साली खेळाडूंची स्वतंत्र लीगही उभी केली, पण ती एकाच हंगामात मोडली.

मालकांचे समर्थन असे, की खेळाडू मोकळे सोडले तर सधन शहरांचे संघ सारे उत्तम खेळाडू विकत घेतील आणि चुरस नाहीशी होईल. हे समर्थन मी जितके तपासले तितके ते मला पोकळ वाटले. कलम पूर्ण जोरात असताना, 1949 ते 1964 ह्या सोळा वर्षांत, अमेरिकन लीगचे विजेतेपद न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने चौदा वेळा मिळविले. बेब रूथ हा गाजलेला खेळाडू बॉस्टनहून न्यूयॉर्कला गेला तो ह्याच कलमाच्या छत्राखाली; बॉस्टनच्या मालकाने त्याला एक लाख डॉलरला विकले, आणि ते लाख डॉलर रूथच्या नव्हे, मालकाच्या तिजोरीत पडले. सायमन रॉटनबर्ग ह्या अर्थशास्त्रज्ञाने 1956 साली ह्यातले मर्म उलगडून दाखविले: खेळाडू अखेर जेथे त्याच्या खेळाचे मोल सर्वाधिक तेथेच पोहोचतो, मग त्याच्यावरचा हक्क मालकाचा असो की त्याचा स्वतःचा; फरक पडतो तो त्या मोलाचा पैसा कोणाच्या हाती जातो एवढ्यापुरता. माझ्या मते ह्या साऱ्या कज्ज्याची गुरुकिल्ली ह्या एका विधानात आहे.

न्यायालयांनी मात्र खेळाडूंची निराशाच केली. बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे, सबब मक्तेदारीविरोधी कायदा त्यास लागू नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 1922 साली दिला आणि 1953 साली तो कायम केला. मुष्टियुद्धाला आणि फुटबॉलला तीच सवलत नाकारली, तरी बेसबॉलची राहू दिली.

1969 च्या ऑक्टोबरात सेंट लुईस कार्डिनल्सने आपला सेंटर फील्डर कर्ट फ्लड ह्याची फिलाडेल्फियाशी अदलाबदल केली. फ्लड तेव्हा 31 वर्षांचा, बारा हंगाम त्या संघात काढलेला, उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे गोल्ड ग्लोव्ह पारितोषिक लागोपाठ सात वर्षे मिळविलेला, आणि वर्षाला 90 हजार डॉलर मिळविणारा. त्याला जावयाचे नव्हते; त्याने ह्या कलमाविरुद्ध खटला भरण्याचे मनात घेतले. खेळाडू-संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर हे पोलाद-कामगारांच्या संघटनेतून आलेले अर्थशास्त्रज्ञ. खटला बहुधा हरशील, जिंकलास तरी तुला स्वतःला लाभ होणार नाही, आणि बेसबॉलमध्ये पुन्हा कोणी तुला काम देणार नाही, हे त्यांनी त्याला आडपडदा न ठेवता सांगितले. इतर खेळाडूंचे भले होईल का, एवढेच फ्लडने विचारले, आणि होईल असे उत्तर मिळताच तो सिद्ध झाला. 24 डिसेंबर 1969 रोजी त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी क्यून यांस पत्र लिहून कळविले, की आपल्या इच्छेची पर्वा न करता विकावी वा विकत घ्यावी अशी मालमत्ता आपण नाही. वर्षाला 90 हजार मिळविणाऱ्याने गुलामगिरीची भाषा बोलावी काय, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले. वेतनाच्या आकड्याने विक्रीचे स्वरूप पालटत नाही, हे फ्लडचे म्हणणे मला निरुत्तर करणारे वाटते. न्यूयॉर्कच्या न्यायालयात त्याच्या बाजूने साक्ष द्यायला मधुमेहाने खचलेला निवृत्त खेळाडू जॅकी रॉबिन्सन आला, तसाच निवृत्त हँक ग्रीनबर्ग आला. खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. 1972 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फिर्याद फेटाळली. बेसबॉल हा व्यापार आहे, त्याची सूट ही विसंगती आहे, हे मान्य करूनही, ती दूर करणे काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचे, काम, असे न्यायमूर्तींनी म्हटले.

दाद मिळाली ती अन्यत्र. तंट्यांचा निर्णय त्रयस्थ लवादाने करावा, हे मिलर यांनी 1970 च्या तहनाम्यात मालकांकडून मान्य करून घेतले होते. अँडी मेसरस्मिथ ह्या लॉस एंजेलिसच्या पिचरने 1975 चा सबंध हंगाम करारावर सही न करता काढला, आणि त्याच्यासह डेव्ह मॅकनॅली ह्या दुसऱ्या पिचरचेही प्रकरण लवाद पीटर साइट्झ यांच्यापुढे आले. आपसात तडजोड करा, असे साइट्झ यांनी मालकांस आग्रहाने सांगून पाहिले. ते ऐकेनात, तेव्हा 23 डिसेंबर 1975 रोजी त्यांनी निर्णय दिला, की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी त्यांस तत्काळ बडतर्फ केले. पण निर्णय संघराज्याच्या न्यायालयांतही टिकला.

ह्यानंतर ओकलंड संघाचा मालक चार्ल्स फिनली ह्याने सुचविले, की मग दरवर्षी सारेच खेळाडू मोकळे करा. मिलर यांस खरी धास्ती ह्याच सूचनेची होती, कारण एकदम शेकडो खेळाडू बाजारात आले तर भाव कोसळणार. इतर मालकांना ते उमगले नाही. सहा वर्षे सेवा झालेल्यासच मोकळीक, असे 1976 साली ठरले, आणि त्या दुर्मिळतेने भाव चढले: 1975 साली सरासरी वेतन सुमारे 45 हजार डॉलर होते, 1980 साली ते 1 लाख 43 हजारांवर गेले. मालकांनी मग 1985 ते 1987 ह्या काळात परस्परांत संगनमत करून मोकळ्या खेळाडूंवर बोली लावणेच टाळले; लवादांनी ते उघडे पाडल्यावर 28 कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली.

खेळाडूचा मुखत्यार, ज्याला आता सर्वत्र एजंट म्हणतात, तो ह्या मोकळ्या बाजारातच बलाढ्य झाला. स्कॉट बोरास हा खालच्या लीगमध्ये खेळून वकील झालेला गृहस्थ. 2000 च्या डिसेंबरात त्याने ॲलेक्स रॉड्रिगेझसाठी टेक्सास रेंजर्सकडून दहा वर्षांचा 25 कोटी 20 लाख डॉलरचा करार मिळविला. संघाचे मालक टॉम हिक्स यांनी दोनच वर्षांपूर्वी सबंध संघ 25 कोटींना घेतला होता. पुढे 2010 साली संघ दिवाळखोरीत निघाला तेव्हा बिनतारण धनकोंच्या यादीत सर्वांत मोठी रक्कम रॉड्रिगेझचीच होती. सुमारे अडीच कोटी डॉलर.

फ्लडला ह्यातले काही मिळाले नाही. 1971 साली वॉशिंग्टनसाठी तेरा सामने खेळून तो निघून गेला आणि काही वर्षे स्पेनच्या मायोर्का बेटावर राहिला. 1997 च्या जानेवारीत तो वारला. पुढच्या वर्षी काँग्रेसने त्याच्या नावाचा कायदा करून खेळाडूंच्या नोकरीपुरती ती जुनी सूट रद्द केली. परंतु हा कायदा केवळ वरच्या लीगच्या खेळाडूंसाठी आहे. खालच्या लीगमधील मुलांना त्यातून स्पष्ट शब्दांत वगळले आहे. आणि 1956 साली, 18 वर्षांचा कर्ट फ्लड नॉर्थ कॅरोलायनात खेळत होता, जेथे वाटेवरील उपाहारगृहांत त्याच्या गोऱ्या सहकाऱ्यांना पान वाढले जाई आणि त्याला दाराबाहेर थांबावे लागे, ते खालच्याच लीगमध्ये.