गुरुजींनी केव्हा गप्प बसावे?

संगीत महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकणारा विद्यार्थी प्रथम वही उघडतो आणि शिक्षकांच्या तोंडाकडे पाहत बसतो. त्यांनी म्हणावे, मग याने म्हणावे. त्यांनी सांगावे, याने उतरून घ्यावे. शाळेत हीच सवय लागलेली असते. मुलगा आज्ञाधारक आहे, असे आपण कौतुकाने म्हणतो; पण वर्ष सरत आले तरी गुरुजींवाचून त्याचा तंबोरा सुरात लागत नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

पूर्वी शागीर्द उस्तादांच्या घरी वर्षानुवर्षे राहत. दिवसभर कानांवर गाणे पडे, आणि न शिकविताही पुष्कळसे शिकून होई. भास्करबुवा बखल्यांनी बडोद्याचे फैज महंमद खाँ, पुढे नथ्थन खाँ व अल्लादिया खाँ अशा तिघांपाशी विद्या घेतली. तिघांची गायकी निरनिराळी. तीतून आपले गाणे उभारण्याचे काम मात्र बुवांचे स्वतःचेच होते. पंडित भातखंडे तर पेशाने वकील. गवयांना ऐकून आणि ग्रंथ धुंडाळून त्यांनी आपले शास्त्र बांधले.

आपल्या बडोद्यात १८८६ साली सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविली, आणि १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही येथेच भरली. शाळा निघाल्यामुळे गाणे घराण्यांच्या उंबऱ्याबाहेर आले, हे मोठेच कार्य झाले. परंतु शाळेबरोबर तासाची घंटाही आली. सहवासाने मुरणारी गोष्ट घंटेच्या हिशेबात मुरत नाही. तेव्हा जे पूर्वी आपोआप घडे, ते आता जाणूनबुजून घडवावे लागते.

ते कसे? भूप आणि देशकार यांचेच उदाहरण घेऊ. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत, असे आरंभीच सांगितले की विद्यार्थी ते लिहून घेतो, परीक्षेत बिनचूक उतरवितो, आणि मैफलीत देशकार सुरू झाला की त्याला भूप म्हणतो! म्हणून आधी काहीच न सांगता दोन्ही राग ऐकवावेत आणि एवढेच विचारावे: गाणारा थांबतो कोठे? कोणत्या सुराकडे पुनःपुन्हा येतो? सप्तकाच्या कोणत्या अंगात त्याचा जीव रमतो? पहिल्या दिवशी उत्तरे चुकतात, चुकू द्यावीत. दोन-चार दिवसांनी कोणीतरी म्हणते, "हा धैवत सोडायलाच तयार नाही." त्यानंतर पुस्तक उघडावे. तेथील 'उत्तरांगप्रधान' हा शब्द मग पाठ करावा लागत नाही.

तंबोऱ्याचेही तसेच. मोबाइलमधला तंबोरा रियाजाला सोयीचा खरा, परंतु तारा जुळविताना कानाला जे वळण लागते ते त्याने लागत नाही. आरंभी कोणती तार उतरली ते शिक्षकांनी सांगावे. पुढे 'कोठेतरी उतरले आहे' एवढेच म्हणावे. आणि नंतर गप्प बसावे. रियाजाच्या वहीतही 'दोन तास गायलो' असे न लिहिता 'अंतऱ्यात तार षड्जापाशी श्वास संपतो. उद्या आधीच्या जागी श्वास घेऊन पाहणे' असे लिहावयास शिकवावे. आपले दुखणे ज्याला नेमके मांडता आले, तो निम्मा बरा झालाच.

मात्र गप्प बसणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. चुकीचा स्वर एकदा गळ्यात बसला की काढणे कठीण जाते. ज्याच्या घरी गाण्याचा वारा नाही, त्याला तर अधिक काळ हात द्यावा लागतो. बोलणे कमी करावे. ऐकणे कमी करू नये.

पालकांनाही एक विनंती. मूल घरी आले की "आज किती चिजा झाल्या?" असे आपण विचारतो. त्याऐवजी "आज तुझे तुला काय ऐकू आले?" असे विचारून पाहावे. आरंभी उत्तर मिळणार नाही. तरी विचारीत राहावे. पदवी मिळाल्यावर वर्ग सुटतो आणि गुरुजीही सुटतात. पुढची चाळीस-पन्नास वर्षे ज्याच्या भरवशावर गावयाचे, तो कान पहिल्याच वर्षी स्वतःचा झालेला बरा.