भूकंप मारतो की भिंत?

हमरापूर म्हणजे गणेशमूर्तींचं गाव, म्हणून ही तारीख तुमच्या लक्षात राहील. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. तीव्रता साधारण ६.२, मृत्यू जवळपास १०,०००.

आता जपान पाहा. ११ मार्च २०११, तीव्रता ९. म्हणजे ऊर्जा हजारो पट. तरी नुसत्या हादऱ्याने फार थोडे गेले. मृत आणि बेपत्ता मिळून १८,००० च्या वर माणसं गेली, ती बहुतेक त्सुनामीच्या पाण्यात. तिथल्या इमारती धक्का सोसायला बांधलेल्या होत्या. लाटेचा अंदाज मात्र कमी पडला. किल्लारीत जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद.

१७५५ साली लिस्बन शहर भूकंप, त्सुनामी आणि आगीने उद्ध्वस्त झालं. व्हॉल्टेअरला प्रश्न पडला, अशा जगाला चांगलं कसं म्हणायचं? रूसोने त्याला पत्रातून सुनावलं, की सहा-सात मजली घरांची दाटी काही निसर्गाने केलेली नाही.

रूसोचं मला अर्धंच पटतं. उन्हापासून वाचायला जाड भिंत घालणाऱ्या शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? किल्लारीचा भाग तर तेव्हा भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा होता. दोष नाही, पण कळल्यानंतरची जबाबदारी आहेच.

आणि आपल्याला कळलेलं आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. तिथून आपली खाडी किती लांब आहे, सांगा बरं?