विश्लेषण : भंडारदऱ्याच्या पाण्याची प्रदक्षिणा सायकलनेच का करावी?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात भंडारदरा धरणाच्या पाण्याभोवती एक रस्ता फिरतो. शेंडी गावातून निघालेला हा रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल करत पुन्हा शेंडीत येऊन मिळतो. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. मोटारीने ही फेरी दोन-अडीच तासांत उरकते. सायकलने अख्खा दिवस लागतो. तरीही पुणे, नाशिक, मुंबई आणि नगरच्या सायकलस्वारांना हा रस्ता खुणावतो. त्याची कारणे काय आणि एका दिवसाच्या सहलीपलीकडे त्यातून काय साधू शकते, याचा हा आढावा.

सायकल इथेच का शोभते?

कॅरिबियन समुद्रातले बार्बाडोस बेट क्रिकेटमुळे मराठी वाचकाला माहीत आहे. या बेटाची लांबी सुमारे ३४ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर. अशा छोट्या बेटांवर सायकल सहली सोयीच्या ठरतात, याचे कारण सोपे आहे. कुठलेच ठिकाण फार दूर नसते, दर काही किलोमीटरवर पाहण्यासारखे काही असते आणि रस्ता फिरून सुरुवातीच्या जागी आणून सोडतो.

भंडारदऱ्याला हीच गणिते लागू पडतात, फक्त इथे पाणी मधे आणि जमीन भोवती आहे. ज्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यातून हा रस्ता जातो, त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. १९८६ मध्ये हे अभयारण्य घोषित झाले. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर), रतनगड आणि हरिश्चंद्रगड एवढ्याशा टापूत आहेत.

ताशी ४० किलोमीटरने जाणारी मोटार एक किलोमीटर दीड मिनिटात पार करते. ताशी १२ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला त्याच अंतराला पाच मिनिटे लागतात. शिवाय काच नाही, इंजिनाचा आवाज नाही. भाताच्या खाचरातले बोलणे, ओढ्याचा आवाज, जंगलात बदलत जाणारा वास हे सगळे आपसूक मिळते. थांबायचे तर गाडी लावायला जागा शोधावी लागत नाही.

वाटेत पाहण्यासारखे काय?

सुरुवात धरणापासूनच. प्रवरा नदीवरचे हे दगडी धरण ब्रिटिश काळातले. १९१० च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन डॅम म्हटले गेले. उंची सुमारे ८२ मीटर, साठवण क्षमता सुमारे ११ टीएमसी. म्हणजे ११ अब्ज घनफूट पाणी. धरणाच्या पायथ्याशी, मोरीतून पाणी सोडले की छत्रीसारखा पसरणारा ‘अम्ब्रेला फॉल’ दिसतो.

घाटघरला सह्याद्री संपतो आणि खाली कोकण सुरू होते. कड्यावरून ठाणे जिल्ह्याचा शहापूर तालुका दिसतो. इथे पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या चोंढे धरणातले पाणी पंपाने वर चढवले जाते. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज तयार होते. पाण्याचाच बॅटरीसारखा उपयोग करणाऱ्या या प्रकल्पाची क्षमता २५० मेगावॉट आहे.

पुढे साम्रदला सांदण दरी. दोन उभ्या कातळांमधली ही अरुंद घळ पावसाळ्यात पाण्याची वाट असते. त्यामुळे त्या दिवसांत आत उतरणे जिवावर बेतू शकते. रतनवाडीत अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर आणि जवळच पुष्करणी आहे. मंदिर शिलाहारकालीन मानले जाते. गावाच्या डोक्यावर रतनगड उभा आहे.

प्रवरेचा उगम याच डोंगरांत होतो. इथून निघालेली नदी अकोले, संगमनेर, नेवासे असा प्रवास करत प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. नेवाशात तिच्याच काठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली. प्रवरानगरला १९५० मध्ये सुरू झालेला सहकारी साखर कारखाना आणि राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर भागातला ऊस उभा राहिला तोही या धरणाच्या कालव्यांच्या पाण्यावर. जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसावर दिवस काढतात. घाटघर-रतनवाडीत मात्र चांगल्या वर्षी हा आकडा पाच हजारांच्या घरात जातो. घाटघरला ‘जिल्ह्याची चेरापुंजी’ म्हणतात ते उगीच नाही.

पन्नास किलोमीटर झेपतील का?

रोज थोडीफार सायकल चालवणाऱ्याला झेपतात. रस्ता बराचसा पाण्याच्या कडेने फिरतो आणि इथली उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर आहे. त्यामुळे एकच लांबलचक घाट चढायचा, असे नाही. मात्र ओढा आला की उतार आणि लगेच चढ, हे दिवसभर चालते.

थोडे गणित केले तर भीती कमी होते. पाच टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर वर. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले आणि वेग ताशी आठ किलोमीटर ठेवला, तर असा चढ चढायला साधारण शंभर वॉट शक्ती लागते. सराव असलेला माणूस एवढी शक्ती बराच वेळ देऊ शकतो. वेग दुप्पट केला की गरजही जवळपास दुप्पट होते. चढावर घाई केली की दम का लागतो, ते यातून कळते.

गिअरचे काम इथेच असते. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दात असलेल्या साध्या सायकलचे मागचे चाक पेडलच्या एका फेरीत जवळपास अडीच वेळा फिरते. सपाटीवर हे चांगले, चढावर जड. पुढे ३२ आणि मागे ३२ असा गिअर असेल, तर एका फेरीला चाक एकदाच फिरते. वेग कमी होतो, पण गुडघ्यांवरचा ताण उतरतो. गिअर नसेल तर चढावर उतरून सायकल हातात धरून चालावे.

कधी जावे, कधी जाऊ नये?

पहिल्यांदा जाणाऱ्याला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. धरण भरलेले असते, हवा थंड असते आणि खाचरांत भात पिवळा पडू लागलेला असतो. सप्टेंबरच्या अखेरीस डोंगरउतारांवर सोनकी फुललेली दिसते.

जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे जोरात असतात, पण धोकेही तितकेच. दाट धुके, शेवाळलेला डांबरी रस्ता, वरून येणारे दगड आणि ओढ्याचे अचानक वाढणारे पाणी. रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की उशिरा लागतात. डिस्क ब्रेक त्या मानाने भरवशाचे. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी बेत रद्द करणेच शहाणपणाचे. पावसाळ्यानंतर साम्रद ते रतनवाडी हा टप्पा कसा आहे, तेही शेंडीत विचारूनच पुढे निघावे.

गर्दीचा प्रश्न सायकलशी कसा जोडलेला?

खरा मुद्दा इथे आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत या परिसरात काजवे चमकतात. हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ अशी झाडे रात्री लखलखतात आणि ते पाहायला शनिवार-रविवारी मोटारींची रीघ लागते. पावसाळ्यात धबधब्यांसाठी पुन्हा तेच. अरुंद रस्त्यावर कोंडी झाली की पर्यटकांबरोबर गावकऱ्यांची वाहनेही अडकतात. आजारी माणसाला राजूर किंवा अकोल्याला न्यायचे असले, तरी रस्ता हाच.

काजव्यांचे नुकसान वेगळे. त्यांचे चमकणे म्हणजे जोडीदाराला दिलेला इशारा असतो. नर ठरावीक लयीत चमकतो आणि मादी त्याला प्रकाशानेच उत्तर देते. मोटारीचे दिवे, टॉर्च आणि मोबाइलचे फ्लॅश या अंधारात पडले की हा संवाद तुटतो. आयुष्याचा बहुतेक काळ काजवा अळीच्या रूपात जमिनीवर आणि पालापाचोळ्यात काढतो. प्रौढ काजव्याच्या हाती जेमतेम काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे असतात. तेवढ्यात जोडी जमली नाही, तर पुढची पिढी घटते. पायदळी किंवा चाकाखाली येणाऱ्या माद्या आणि अळ्या वेगळ्याच. याच कारणाने वन विभागाने काजव्यांच्या हंगामात पर्यटकांच्या वेळांवर बंधने आणली आहेत.

सायकल हा या प्रश्नाचा एक भाग सोडवते. एक मोटार उभी करायला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात आठ-दहा सायकली मावतात. धूर नाही, हॉर्न नाही. पण सायकलस्वारांनीही रात्री झगझगीत दिवे लावून काजव्यांच्या झाडांखालून फेऱ्या मारल्या, तर फरक काहीच पडणार नाही. सायकल दिवसाची. काजवे पाहायचे तर मुक्कामाच्या गावातून, स्थानिक वाटाड्याबरोबर, दिवा न लावता पायी.

गावांना काय मिळते?

हा भाग प्रामुख्याने महादेव कोळी समाजाचा. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे आणि १८४८ मध्ये ठाण्यात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. देशी बियाणे जपल्याबद्दल पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे कोंभाळण्याच्या, म्हणजे त्याही अकोले तालुक्यातल्या. धरणाखाली जमिनी याच डोंगरातल्या गेल्या, पाणी मात्र बव्हंशी खालच्या बागायतीला गेले. आता इथे भातशेती, जनावरे, हंगामी मजुरी आणि पर्यटन यांवर घर चालते.

मोटारीतला पर्यटक अनेकदा खाऊ-पाणी शहरातून घेऊन येतो, दोन-तीन ठिकाणी फोटो काढतो आणि संध्याकाळी परततो. त्याचा खर्च पेट्रोल पंपावर आणि हमरस्त्यावरच्या हॉटेलात होतो. सायकलस्वाराला एवढे ओझे वाहता येत नाही. त्याला दर तासा-दीड तासाने पाणी, चहा, काही खायला लागते. मुरशेतला चहा, घाटघरला पिठलं-भाकरी, रतनवाडीला मुक्काम असा त्याचा पैसा वाटेवरच्या गावांत थोडाथोडा पडत जातो. दोन दिवसांची सहल केली, तर घरगुती मुक्कामाचे पैसेही गावातच राहतात. एका माणसाचा खर्च मोठा नसतो, पण तो एकाच हॉटेलमालकाकडे जात नाही.

अर्थात हे आपोआप होणार नाही. मागे सामानाची गाडी, जेवण बाहेरून आणि मुक्काम मोठ्या रिसॉर्टमध्ये अशी सहल निघाली, तर गावाच्या वाट्याला फक्त कचरा येतो. भाड्याच्या सायकली, पंक्चर काढणारे हात, वाटाड्या आणि जेवणाची सोय ही कामे वाटेवरच्या तरुणांकडे आणि महिला बचत गटांकडे राहिली, तरच हिशेब जुळेल.

पोहोचायचे कसे, बरोबर काय ठेवायचे?

अहिल्यानगर शहरातून संगमनेर, अकोले, राजूरमार्गे शेंडी सुमारे दीडशे किलोमीटर आहे. मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांना इगतपुरी हे सोयीचे रेल्वे स्थानक. तिथून घोटी आणि कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव करत शेंडी गाठता येते. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकल सामानाच्या डब्यातून पाठवण्यासाठी स्थानकावरच्या पार्सल कार्यालयात नोंद करावी लागते. एसटीने न्यायची असल्यास आगारात आधी विचारावे.

राजूरच्या बाजूने आल्यास वाटेत रंधा धबधबा लागतो. सुमारे १७० फुटांवरून कोसळणारी प्रवरा सुरक्षित अंतरावरूनच पाहावी. राजूरचे पेढेही प्रसिद्ध आहेत आणि पुढच्या चढांना साखर उपयोगी पडते.

हेल्मेट, दोन जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, हवेचा पंप, पुढे-मागे दिवे आणि किमान दोन लिटर पाणी एवढे हवेच. शेंडी सोडल्यावर सायकल दुरुस्तीचे दुकान मिळेल, असे धरून चालू नये. मोबाइलची रेंज अनेक ठिकाणी जाते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवावा आणि परतायची वेळ कुणाला तरी सांगावी. वन विभागाच्या नाक्यावर प्रवेश शुल्काची पावती घ्यावी. प्लास्टिक परत आणावे. हा बिबट्याचाही प्रदेश आहे, त्यामुळे दिवस मावळण्याआधी मुक्कामी पोहोचावे.

सकाळी सहाला शेंडी सोडली, तर थांबत-थांबत दुपारच्या जेवणापर्यंत घाटघर किंवा साम्रद होते आणि उजेड असताना परत शेंडी गाठता येते. दोन दिवस हाती असतील, तर पहिला मुक्काम रतनवाडीत करावा. सकाळी रतनगड चढून दुपारी उरलेला वीसेक किलोमीटरचा टप्पा सहज पूर्ण होतो.